फुल एचडीवरून फोर-केवर: डीटीपीच्या टेबलावरचा अनुभव

कुडाळात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईसाठी पानं तयार करण्याचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, संस्थांचे अहवाल आणि सीझनला आंब्याच्या पेट्यांची लेबलं अशी कामं असतात. दिवाळीच्या सुमारास २४ इंची फुल एचडी मॉनिटर बाजूला सारून २७ इंची फोर-के घेतला. लग्नसराई आणि आंबा असे दोन्ही सीझन त्याच्यावर निघाले, आता पाऊस लागलाय. मॉनिटरबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक गेम आणि सिनेमाचं असतं. दिवसभर मराठी मजकूर जुळवणाऱ्याच्या कामाचं फार थोडं, म्हणून हे लिहितेय.

फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते पडद्यावरचे ठिपके. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, बरोबर चौपट. पण दुकानात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: एका इंचात किती पिक्सेल बसतात? माझ्या जुन्या मॉनिटरवर सुमारे ९२ बसायचे, आता १६३ बसतात. एक पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा होता, तो ०.१६च्या आत आला. चांगल्या नजरेला दोन फुटांवरून साधारण ०.१७ मिलिमीटरपर्यंतचा भेद कळतो. त्यामुळे नेहमीच्या अंतरावर बसलं की पिक्सेल दिसतच नाही, अक्षर दिसतं.

आणि ह्याचा सगळ्यात मोठा फायदा देवनागरीला होतो, असं माझं ठाम मत झालंय. पत्रिकेतल्या तळटिपेचा ८ पॉइंटचा मजकूर घ्या (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग). खऱ्या आकारात पाहिला तर जुन्या मॉनिटरवर त्याच्या वाट्याला उंचीत दहाच पिक्सेल यायचे. तेवढ्यात वरची वेलांटी, रफार, शिरोरेषा, अक्षराचं पोट आणि खालचा उकार एवढं सगळं बसवायचं. इंग्रजी अक्षर तेवढ्या जागेत निभावून नेतं, आपलं नाही. ‘सर्वांनी अगत्य यावे’ ह्यातला ‘र्वां’ बघा. रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी येतात. जुन्या पडद्यावर दोन्ही मिळून एक करडा डाग व्हायचा. अनुस्वार राहिलाय की आहे, हे बघायला प्रत्येक वेळी झूम करावं लागे. आता त्याच मजकुराला अठरा पिक्सेल मिळतात आणि रफाराचा बाक वेगळा, टिंब वेगळं दिसतं. ‘प्रसिद्ध’मधला ‘द्ध’ चुकून ‘ध्द’ झाला असेल तर तो वाचता वाचताच खटकतो. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ स्पष्ट असते, त्यामुळे ‘प’शी गल्लत होत नाही. प्रूफ अजूनही कागदावरच वाचते, पण पहिल्याच प्रूफात लाल खुणा बऱ्याच कमी झाल्यात.

बारीक रेघांचंही तसंच. पाव पॉइंटची रेघ कागदावर जेमतेम ०.०९ मिलिमीटरची असते. पडदा तिला एका पिक्सेलपेक्षा बारीक काढू शकत नाही, म्हणून जुन्या मॉनिटरवर ती तिप्पट जाड दिसायची. फोर-केवरही खऱ्यापेक्षा जाडच दिसते, फक्त फरक कमी झालाय. लेबलाची चौकट करताना एवढं ध्यानात ठेवा, पडद्यावर ठसठशीत दिसली म्हणून छपाईत तशीच येईल असं धरून चालू नका.

फोटोंची गोष्ट लोकांना समजावून सांगावी लागते. मोबाइलवरून लहान होऊन आलेला १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो शंभर टक्क्यांवर उघडला की जुन्या मॉनिटरवर १७ इंच पसरायचा. आता तोच १० इंचांच्या आत मावतो. फोटोत काहीच बदललेलं नाही, पिक्सेल जवळजवळ आले एवढंच. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापताना तो सव्वापाच इंचच भरणार. मागे एक बागायतदार काका पडद्याकडे बघत विचारत होते, “छापून इल्यार असांच दिसतलां मां?” त्यांना हेच दाखवलं, आणि त्यांनी घरून मूळ फोटो आणून दिला.

आता त्रासाचं. शंभर टक्के स्केलिंगवर, म्हणजे अक्षरं आणि मेनू विंडोजकडून मोठे करून न घेता, फोर-के वापरला तर मेनू इतके बारीक होतात की डोळ्यांना ताण येतो. मी विंडोजमध्ये १५० टक्के ठेवलंय. म्हणजे जागा २५६० × १४४० एवढीच मिळते, पण अक्षरं पूर्ण रेखीव राहतात. रिझोल्यूशनच खाली आणून अक्षरं मोठी करू नका; पडदा आपल्या मूळ पिक्सेलवर चालला नाही की सगळं फिसकटतं, आणि मग पैसे घातले कशाला? माझं एक जुनं सॉफ्टवेअर मात्र स्केलिंग ओळखत नाही. विंडोज त्याची खिडकी ताणून दाखवतं, त्यामुळे ती धुरकट दिसते. जुन्या फाइलींसाठी ते लागतंच, म्हणून जुना मॉनिटर शेजारी ठेवलाय.

केबल आणि पोर्ट आधी तपासा. एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि माउस अडखळल्यासारखा वाटतो. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवं.

नुसती बिलं आणि टायपिंग असेल तर २४ इंची फुल एचडी पुरेसा आहे. बजेट मधलं असेल तर २७ इंची २५६० × १४४० बघा, त्यात इंचाला १०९ पिक्सेल मिळतात. मोठा आणि स्वस्त म्हणून २७ इंची फुल एचडी मात्र मराठी मजकुराच्या कामाला घेऊ नका. त्यात इंचाला ८२च पिक्सेल येतात, म्हणजे २४ इंचीपेक्षाही अक्षर भरड.