सुईआधी चष्मा बदलून या म्हणणारं राजारामपुरीतलं स्किन क्लिनिक

कोल्हापुरात गुजरीत आमचं सोन्याचं दुकान आहे. मी स्वतः कारागीर, वय ५३. कोल्हापुरी साज हे आमच्या घरचं काम. साजाची एकवीस पानं, त्यात दहा अवतार, एकेक पान नखाएवढं. ते डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून कडी डागायची, कडा साफ करायच्या. तीस वर्षं भुवया आखडून बसल्यामुळं दोन्ही भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या पडल्या, श्लोकाच्या शेवटी दोन दंड असतात तशा.

त्या आठ्यांचं मला काही वाटत नव्हतं. पण कागलच्या एक आजी नातीच्या लग्नाचा साज करायला आल्या होत्या. मी वजन बघत होतो. त्या एकदम म्हणाल्या, "काय ओ, आमचं काय चुकलं काय? मोड कमी भरली व्हय?" मोड, म्हणजे मोडायला आणलेलं जुनं सोनं, बरोबर होती, मी नुसता काट्याकडं बघत होतो. पण माझ्या कपाळावरची नाराजी बघून बाई बिचारी घाबरली. ते मला लागलं. मुलगी म्हणाली, "पप्पा, यावर बोटॉक्सचं इंजेक्शन असतंय. चला माझ्याबरोबर."

घरात लगेच चर्चा सुरू. भाऊ म्हणाला, ते सापाचं विष असतंय. बायको म्हणाली, "अहो, तोंड दगडासारखं होईल, हसता येणार नाही." शेजारच्या वहिनींनी सांगितलं, त्यांच्या पार्लरमध्ये बोटॉक्स स्वस्तात मिळतं, केसांना लावतात. मित्र म्हणाला, एकदा सुरू केलं की सोडता येत नाही, सोडलं की चेहरा दुप्पट लोंबतो. एवढं सगळं डोक्यात घेऊन मी क्लिनिकमध्ये गेलो.

डॉक्टर मॅडमनी पहिल्या भेटीत सुई हातात घेतलीच नाही. काम काय करता, उजेड कसा असतो, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला, हे विचारलं. नंबर चार वर्षांपूर्वीचा होता. म्हणाल्या, "आधी डोळे तपासून या. दिसत नाही म्हणून भुवया आखडताय, ते कारण तसंच ठेवून मी इंजेक्शन दिलं तर तुमचेच पैसे वाया." तपासणीचे ५०० रुपये घेतले आणि परत पाठवलं. हातात आलेलं गिऱ्हाईक असं सोडणं किती अवघड असतं, हे दुकानात बसणाऱ्याला विचारा. माझा विश्वास तिथंच बसला.

चष्मा बदलला, कामावर नवा दिवा लावला. आखडणं कमी झालं, पण जुन्या आठ्या होत्या तिथंच होत्या. दीड महिन्यानं परत गेलो. या वेळी मॅडमनी आरसा माझ्या हातात दिला आणि भुवया आखडायला लावल्या, मग सैल सोडायला. आखडल्यावर उमटते ती रेघ स्नायूची, तिच्यावर हे औषध चालतं. सैल सोडल्यावरही राहते ती कातडीत मुरलेली, ती फिकी होईल, पुसली जाणार नाही. माझी डावीकडची तशी मुरलेली होती. हे आधीच सांगितलं म्हणून नंतर माझी निराशा झाली नाही. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या घडीचंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते या औषधाचं काम नाही. तिथं भर घालणारं फिलर लागतं, ते वेगळंच औषध, आणि तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

सापाच्या विषाचंही विचारून घेतलं. सापाचा काही संबंध नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूपासून ते काढतात. मुळात ते जहालच आहे, पण इथं मोजून, अगदी थोडं देतात. नसेकडून स्नायूला आखडण्याचा निरोप जातो, तो ते काही महिने अडवून धरतं. मला नवल याचं वाटलं, की अमेरिकेत १९८९ साली याला परवानगी मिळाली ती सौंदर्यासाठी नाही, तर तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ साली मिळाली. आणि पार्लरमधल्या हेअर बोटॉक्समध्ये हे औषध नसतंच, ती केस मऊ करणारी क्रीम असते, नाव तेवढं उचललंय.

इंजेक्शनच्या दिवशीचं सविस्तर सांगतो, कारण तिथंच फसवणूक होऊ शकते. बाटली माझ्यासमोर फ्रिजमधून काढली. सील, कंपनीचं नाव, बॅच नंबर, मुदत, सगळं दाखवलं. आत तळाला पांढरा पापुद्रा असतो, दिसेल न दिसेल एवढाच, त्यात सलाईन घालून पातळ करतात. औषध युनिटवर मोजतात. मला २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. युनिटला ३५० प्रमाणे ७००० रुपये, पावतीवर युनिट लिहून. आम्ही गिऱ्हाईकासमोर काटा शून्यावर आणतो, तसंच वाटलं मला ते. सिरिंज किती भरली यावर जाऊ नका, पाणी जास्त घातलं की तीही भरते. किती युनिट आणि कुठल्या कंपनीचं, हे दोन्ही विचारा, कारण एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं.

दुखलं मुंगी चावल्यागत, पाच वेळा. दहा मिनिटांत झालं. आधी मात्र बरंच विचारून घेतलं होतं: स्नायू कमजोर होण्याचा आजार आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कुठली अँटिबायोटिक घेताय का. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना त्या देत नाहीत. चार तास आडवं व्हायचं नाही, त्या दिवशी तालीम नाही, आणि तिथं चोळायचं नाही. तो शुक्रवार होता, संध्याकाळी मी अंबाबाईला जातोच. गंध नेमकं सुया दिलेल्या जागी, अंगठ्यानं दाबून लावतात. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, आज कपाळाला नको, हाताला लावून घ्या. मी मनगटावर लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आरशात तसाच. बायको म्हणाली, गेले पैसे. चौथ्या दिवशी आखडायला गेलो तर जोर येईना. पूर्ण फरक चौदाव्या दिवशी. हसणं पहिल्यासारखंच आहे, कारण हसण्याच्या स्नायूंना कुणी हातच लावला नव्हता. बधिरपणाही नाही, भट्टीसमोर बसलं की कपाळाला धग लागते ती लागतेच. दोन आठवड्यांनी बोलावलं होतं तेव्हा डाव्या भुवईचं टोक जरा वर चढलेलं दिसलं, तिथं दोन युनिट दिली, पैसे घेतले नाहीत. ओळखीच्या एकांनी दुसरीकडं, डॉक्टर नसलेल्याकडून करून घेतलं होतं, त्यांची एक पापणी कितीतरी आठवडे खाली आलेली होती. ती आपली आपण पूर्ववत झाली, पण तोवर त्यांनी बाहेर पडणं सोडलं होतं. म्हणून म्हणतो, देणारा कोण आहे ते आधी बघा.

आता चौथा महिना लागलाय. आखडल्यावर आठ्या परत दिसायला लागल्यात, पहिल्यापेक्षा जास्त नाहीत. चेहरा लोंबला वगैरे काही नाही. परत घ्यायचं की नाही ते लग्नसराई जवळ आली की ठरवीन, घाई नाही.

तक्रार एकच, वेळ देऊनही पाऊण तास बसवून ठेवतात. कारण विचारलं तर काउंटरवरची मुलगी नीट सांगत नाही, हे सुधारायला हवं. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही. सकाळी अकराच्या आत गेलात तर मॅडम निवांत बोलतात, आणि मनात असेल ते सगळं विचारून घेता येतं.