सीओटू पकडायला सॉल्व्हंटमध्ये (गॅस शोषणाऱ्या द्रवात) पोरस, म्हणजे बारीक भोकांच्या, पॉलिमरची पावडर टाकायची की मेम्ब्रेन कॉन्टॅक्टर (भोकांच्या भिंतीआडून गॅस आणि द्रव भेटवणारं यंत्र) लावायचा?

फायनल इयरवाले दरवर्षी हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी सॉल्व्हंट कुठला ते सांगा. ३०% एमईए (मोनोइथेनॉलअमाइन) असेल तर रिअ‍ॅक्शन मुळातच फास्ट आहे, तिथे खरा खर्च रिजनरेशनचा, म्हणजे शोषलेला गॅस परत सोडवायचा, त्यासाठीचा टॉवर म्हणजे स्ट्रिपर १२० डिग्रीच्या आसपास तापवत बसा आणि टनभर सीओटूमागे साडेतीन-चार गिगाज्यूल घालवा, त्यात पॉलिमर टाकून फारसं काही हाती लागत नाही. पोटॅशियम कार्बोनेट किंवा एमडीईए (दुसरं एक अमाइन) मात्र गॅस सोडायला कमी उष्णता घेतात पण शोषताना रखडतात. पॉलिमरची गरज तिथे.

आता पावडर. बुडबुड्याला लागून द्रवाची पातळ फिल्म असते आणि सीओटू तिथेच अडकतो, दादरला दारात चेंगराचेंगरी आणि आत पॅसेज मोकळा तसं. हायपरक्रॉसलिंक्ड (साखळ्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या) पॉलिमरचा कण फिल्मपेक्षा बारीक असला तर आत शिरून गॅस भरून घेतो आणि बल्कमध्ये, म्हणजे फिल्मपलीकडच्या द्रवात, नेऊन सोडतो, कण जाडा निघाला की मेहनत पाण्यात. हायड्रोफोबिक (पाण्याला दूर ठेवणारा) घ्या म्हणजे भोकांत सॉल्व्हंट पटकन भरत नाही, पण मग पॉलिमर नीट मिसळतही नाही, स्टरर बंद केला की तपकिरी थर वर तरंगतो नाहीतर काचेला चिकटून बसतो. स्टर्ड टँकमध्ये चालून जाईल, पॅक्ड कॉलममध्ये (द्रव पसरवणारं पॅकिंग भरलेल्या टॉवरमध्ये) नको, पॅकिंगमध्ये साचतं आणि पंपाच्या सीलची वाट लागते. बनवायला तसा स्वस्त, फेरिक क्लोराइड कॅटॅलिस्टवर होतो, फक्त बरेचदा डायक्लोरोइथेन हे विषारी सॉल्व्हंट लागतं, ते फ्यूमहूडमध्येच.

कॉन्टॅक्टरमध्ये पॉलिमर पोकळ फायबरच्या भोकांच्या भिंतीत, गॅस एकीकडे, द्रव दुसरीकडे. नेहमीचं पॅकिंग गॅस-द्रव भेटायला घनमीटरला २५० चौरस मीटर जागा देतं, फायबर हजाराच्या पुढे सहज. पण केमिस्ट्री तेवढीच स्लो राहते, आणि अमाइन हळूहळू पॉलिप्रॉपिलीनच्या भोकांत झिरपलं की स्पीड बसलाच. पीटीएफई (टेफ्लॉन) टिकतं, बजेट टिकत नाही.

आणि खरं सांगू का, प्लांटवाला दोन्ही सोडून पिपराझिन (रिअ‍ॅक्शन फास्ट करणारं अमाइन) टाकेल.

तरी प्रोजेक्ट म्हणून मी पावडरच घेईन, कार्बोनेटमध्ये, स्टर्ड सेलवर (ढवळायच्या छोट्या भांड्यात). माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजी संस्थेतल्या प्रा. मनमोहन शर्मांचा केंब्रिजच्या डँकवर्ट्सबरोबरचा १९६६ चा पेपर सीओटू आणि अमाइनवरचाच आहे, तो आधी वाचा. आणि त्याच साइजची बिनभोकाची पॉलिस्टायरीन पावडर टाकून एक ब्लँक रन (तुलनेचा प्रयोग) घ्याच, नाहीतर व्हायवात पहिलाच प्रश्न येणार की हा फरक भोकांमुळे पडला की नुसत्या ढवळाढवळीमुळे.