जुन्या शेव्हर्लेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेताना माझे १,८२,००० रुपये गेले

आकडा आधीच सांगतो, कारण घरात तो अजून कुणाला पूर्ण सांगितलेला नाही. बायकोला लाख सांगितलेत. आबांना काहीच नाही.

गाडी आबांची. १९६३ची इम्पाला, त्यांनी १९८७ साली घेतलेली. २८३ क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन आजही हाफ स्टार्टला उठतं. मूळ दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पॉवरग्लाइड, मात्र दोन वर्षांपूर्वी गेला. आधी रिव्हर्स पडेना, मग खोलला तर बॉडीलाच तडा. आबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे क्लचवाला गिअरबॉक्स बसवून मोकळं होण्याची सोय नव्हती. कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोनदा जाऊन रिकाम्या हातांनी आलो. अमेरिकेतून मागवायचं तर जहाजाचं भाडं आणि कस्टम धरून आकडा झेपेना.

मग ठरलं टर्बो ३५०. शेव्हर्लेच्याच कंपनीनं, जनरल मोटर्सनं, १९६९ पासून बनवलेला, तीन गिअरचा ऑटोमॅटिक. आखूड शेपटाचा घेतला तर लांबीला पॉवरग्लाइडएवढाच, मागच्या शाफ्टला तेच २७ दाते, म्हणजे मागच्या चाकांकडं जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला हात लावायला नको. हे सगळं विक्रेत्यानं मी विचारायच्या आधी मला सांगितलं. म्हणून मी विश्वास ठेवला. भामटा असा माल ओळखून बोलत नाही असं मला वाटलं. चांगला अभ्यास केलेला भामटा बोलतो, हे आता कळलं.

विक्रेता उत्तरेतल्या एका शहरातला. किंमत १,६५,०००. सात फोटो पाठवले. व्हिडिओ कॉलवर गोदामात उभं राहून गिअरबॉक्स उलटा केला आणि खालच्या तेलाच्या चेंबरचे बोल्ट एकेक करून मोजून दाखवले. तेरा. टर्बो ३५०ला तेराच असतात, पॉवरग्लाइडला चौदा. माझी खात्री पटली. पण तेरा बोल्ट म्हणजे फक्त टर्बो ३५०. तो शेव्हर्लेचा आहे की जनरल मोटर्सच्याच ब्यूक, ओल्ड्समोबील, पॉन्टियॅक गाड्यांचा, हे त्यावरून कळतच नाही. आतला गिअरबॉक्स तोच, पण इंजिनाला जुळणारं तोंड वेगळं. त्या तिघांच्या बेलहाउसिंगची, म्हणजे या तोंडाची, भोकं शेव्हर्लेच्या इंजिनावर येत नाहीत.

आणि ते तोंड चौथ्या फोटोत दिसत होतं.

हा फोटो मी त्यानंतर किती वेळा उघडला असेन देव जाणे. बेलहाउसिंगच्या माथ्यावर, वरच्या दोन भोकांच्या मधोमध, इंग्रजी व्हीसारखी खाच. शेव्हर्लेला तशी खाच नसते. आमचं इंजिन बाहेर काढून स्टँडवर ठेवलेलंच होतं, माझ्यापासून दहा फुटांवर. मला त्या क्षणी खटकलंही. मी विचारलं, ‘वरचा आकार जरा वेगळा दिसतोय.’ तो म्हणाला, ‘भाईसाहेब, कॅमेऱ्याचा अँगल आहे.’ आणि मी गप्प बसलो. उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे, खिशात व्हर्नियर घेऊन बावीस वर्षं फिरतोय. गिऱ्हाइकाचा साधा बुश मोजल्याशिवाय घेत नाही. इथं मात्र अँगल म्हटल्यावर ऐकून घेतलं.

आमच्या मिस्त्रींनी त्याच दिवशी सांगितलं होतं, ‘मालक, इंजिनाच्या पाठीवर पुठ्ठा धरा, भोकं उमटवून घ्या आन् तो साचा त्याला पाठवा. त्याच्या बॉक्सवर ठेवून फोटो काढ म्हणावं.’ अर्ध्या तासाचं काम होतं. पण तिकडून सारखे मेसेज, बंगळुरूचं गिऱ्हाईक उभं आहे, संध्याकाळपर्यंत सांगा. पुठ्ठा राहिला. तुम्ही तसं राहू देऊ नका. ज्याला साचा ठेवून फोटो काढायला वेळ नाही त्याच्याकडून काही घेऊ नका.

टोकन २०,००० यूपीआयनं. दुसऱ्या दिवशी १,००,००० एका खात्यावर आणि ४५,००० दुसऱ्या खात्यावर. ‘मर्यादा असते ना,’ म्हणाला, आणि ते पटण्यासारखं होतं. दुसऱ्या खात्यावर बाईचं नाव, म्हणाला वहिनी आहे. एका मालाचे पैसे दोन नावांवर मागितले की तिथंच थांबायचं.

नवव्या दिवशी खोका आला. ट्रान्सपोर्टचं भाडं ६,८००, हमाली १,२००. चेन-कुप्पीनं उचलून इंजिनाला लावायला गेलो तर खालची भोकं जवळपास आल्यासारखी वाटली, वरची एकही येईना. मिस्त्री काही बोलले नाहीत, कापडानं हात पुसत बाजूला जाऊन उभे राहिले. ते बघून मला जास्त लागलं.

मधे जुळवणीची अडॅप्टर प्लेट करून घेऊ, असं मनात आलं. मिस्त्री म्हणाले आधी आत बघू. खोलायची मजुरी आणि किरकोळ सामान ९,०००. चेंबर काढल्या काढल्या जळका वास. तेल लाल हवं, ते काळपट तपकिरी, तळाला क्लचचा भुगा. वरच्या चंदेरी स्प्रेखाली बॉडीला तडा, एम-सीलनं बुजवून घासलेला. सोबत आलेला टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) हलवला की आत काहीतरी खुळखुळत होतं. चेंबर उतरवून तेलाचा व्हिडिओ मागायला काही खर्च येत नाही. मी मागितला नव्हता.

विक्रेत्याचा फोन त्याच रात्री बंद.

आता पुढचं. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पहिला प्रश्न, पैसे कधी गेले. अकरा दिवस झाले म्हटल्यावर पलीकडचा आवाजच बदलला. पण माल यायलाच नऊ दिवस लागले, तो उघडल्याशिवाय मी तक्रार कसली करणार होतो? पोर्टलवर नोंद झाली, नंबर मिळाला, त्यापुढं काही नाही. बँकेत गेलो. ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ एवढंच. पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्यांदा, ‘गिअरबॉक्स आला ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला.’ मी बेलहाउसिंगचा फोटो दाखवत होतो, समोरचा चहावाल्याला हाक मारत होता. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण विक्रेत्याशी झालेलं मेसेजवरचं बोलणं हिंदीत म्हणून त्याच्या त्रेचाळीस पानांचं मराठी भाषांतर करून आणा म्हणाले. ते बसून केलं. मग ऐकवलं, गुन्हा तिकडं घडला, तिकडं जा. अरे, झिरो एफआयआर कुठंही घेता येतो ना? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मी त्यांच्यासमोर वाचून दाखवलं. चुकीचा माल बरोबर सांगून विकणं ही फसवणूक नाही तर काय? उलट मलाच विचारलं, ‘एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला करायचा?’ तो माझा प्रश्न आहे, चोराला पकडायचं की नाही हे त्यावर ठरतं का? पोचपावती अजून दिलेली नाही. तुम्ही अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

ग्राहक आयोगात आपल्या जिल्ह्यात दावा टाकता येतो, वकील बघतोय. पण विक्रेत्यानं दिलेलं बिल हातानं लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. त्या कागदावर मी तेव्हा समाधान मानलं होतं.

काल रात्री त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. नाव दुसरं, नंबर दुसरा, पण मागची गोदामाची निळी भिंत आणि फोटो तेच. किंमत आता १,७५,०००. फोटो मात्र सहाच आहेत, चौथा काढलाय.