मोबाईलला लावायचा डिजिटल मायक्रोस्कोप, नवी पेठ, सोलापूर: चार स्टार

नवी पेठेतल्या एका मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानातून साडेबाराशेला घेतला. बॉक्सवर १०००एक्स छापलंय तिकडं लक्ष देऊ नका, पण मला जे बघायचंय त्याला एवढं लागतच नाही. मी बघतो समुद्री गोगलगायींचे बारके शंख, त्यातही ट्रायफोरिडी नावाचं कुटुंब. आता सोलापुरात कुठला समुद्र म्हणाल, तर मावसभाऊ देवगडहून येताना पिशवीभर वाळू आणतो, ती धुवायची, वाळवायची, चहाच्या गाळणीनं चाळायची आणि काळ्या कागदावर पसरून बघत बसायचं.

या कुटुंबातले बहुतेक शंख सेंटीमीटरच्या आतले, उभे निमुळते, प्रत्येक वेढ्यावर बोरमाळेसारखे मणी. आतला जीव लांब सोंड घालून स्पंज खातो. पण माझा जीव अडकलाय तो त्यांच्या वळणात. टोक वर धरलं की समुद्रातल्या बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडं येतं, यांचं डावीकडं. दक्षिणावर्ती शंखाचंही, नावात ‘दक्षिण’ म्हणजे उजवं असलं तरी, असं टोक वर धरल्यावर तोंड डावीकडंच येतं; त्याला लोक एवढे पैसे मोजतात ते त्या जातीत असा क्वचितच सापडतो म्हणून, आणि इथं त्याच बाजूला वळलेलं जवळजवळ अख्खं कुटुंब आहे! युरोपातल्या एका जातीला तर लिनियसनं १७५८ मध्येच नाव दिलंय, आज तिला मोनोफोरस पर्व्हर्सस म्हणतात. मेटॅक्सियासारखे थोडे मात्र याच कुटुंबातले असून उजवे.

एक स्टार कापला तो ॲपमुळं. त्यात मिरर आधीपासूनच चालू असतं, म्हणजे चित्र आरशातल्यासारखं दिसतं. पोरांना मुंगीबिंगी दाखवायची असेल तर काय फरक पडत नाही ओ, पण इथं डाव्याचा उजवा झाला की शंख थेट दुसऱ्याच कुटुंबात जातो, कारण सेरिथिऑप्सिडी पण असेच बारीक, मणीदार, स्पंजच खाणारे, फक्त उजवे. म्हणून पहिल्यांदा पेपरचा तुकडा खाली ठेवून बघा, अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत, नाहीतर सेटिंगमधनं मिरर बंद करा. सोनाराकडचं साधं भिंग असली फसवाफसवी करत नाही, तेही जवळ असू द्या.

बाकी वस्तू चांगली आहे. लाईट कमीजास्त करता येते, त्यामुळं चकाकणाऱ्या शंखावर मणी नीट दिसतात. स्टँड जरा हलतो, खाली जाड पुस्तक ठेवलं की भागतं. पंखा बंद ठेवावा लागतो, मे महिन्यात सोलापुरात ते किती अवघड ते सांगायला नको, पण चालू ठेवला तर शंख उडून जातात. जात ओळखायला शंखाचं अगदी टोक, म्हणजे पिल्लू असतानाचा भाग, लई महत्त्वाचं असतं आणि ते यात स्पष्ट दिसतं, फक्त वाळूतल्या झिजलेल्या शंखांची टोकं बऱ्याचदा तुटलेली असतात, ती ज्यांची शाबूत आहेत तेवढे मी वेगळ्या डबीत ठेवतोय.