पिचिंग कोच: कॉलेज की मेजर लीग?

बेसबॉलमध्ये पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, घडवतो तो पिचिंग कोच. ही नोकरी अमेरिकेत कॉलेज संघात बरी की मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये? वेस जॉन्सन यांनी दोन्ही नोकऱ्या केल्या आहेत. अर्कान्सा विद्यापीठ सोडून ते 2018च्या अखेरीस मिनेसोटा ट्विन्स या मेजर लीग संघाकडे गेले आणि जून 2022 मध्ये, मोसम ऐन रंगात असताना, लुइझियाना स्टेट विद्यापीठात आले. मेजर लीग सोडून कॉलेजात?

मला तो निर्णय पटतो. मेजर लीगमध्ये 162 सामने, जवळजवळ रोज एक. पिचर तयार झालेले, करारबद्ध. त्यांचे खांदे-कोपर जपायचे, बारीकसारीक दुरुस्त्या करायच्या, एवढाच वाव. कॉलेजात नियमित मोसमाचे सामने साधारण 56 आणि मुख्य पिचर आठवड्यातून एकदाच उतरतो. मधले दिवस कोचच्या हातात. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, चेंडूच्या शिवणीवरचं बोट किंचित सरकवायचं, फिरकीचा आकडा बघायचा, पुन्हा टाकायला लावायचं. शिकवण्याचा खरा आनंद इथेच आहे! शिवाय सामन्यात कोणता चेंडू टाकायचा हेही बहुतेक ठिकाणी डगआउटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावरून, कोचच सांगतो.

त्रास आहेच. संघात घेण्यासाठी शाळकरी मुलांच्या मागे गावोगाव हिंडा, आणि घडवलेला पिचर ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याच्या व्यवस्थेतून, दुसरीकडे जाताना बघा. पण त्याच वाटेने पॉल स्कीन्स एअर फोर्स अकादमीतून जॉन्सनकडे आला. 2023 मध्ये त्याने 209 स्ट्राइकआउट घेतले (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद), संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलं.

बढतीचंही तसंच. मेजर लीगमध्ये पिचिंग कोच क्वचितच मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य कोच, होतो. जॉन्सन मात्र त्याच वर्षी जॉर्जिया विद्यापीठाचे मुख्य कोच झाले.