लॅपटॉप संथ झालाय: रॅम वाढवावी, एसएसडी टाकावी की नवीनच घ्यावा?

लॅपटॉप हळू चालायला लागला की पहिला सल्ला येतो रॅम वाढवण्याचा आणि दुसरा नवीनच घेण्याचा. दोन्हींत पैसे जातात, आणि दोन्हींचा उपयोग होईलच असं नाही. रॅम (चालू कामं ठेवायची तात्पुरती मेमरी), डिस्क (फाइली कायम साठवायची जागा, मग ती हार्ड डिस्क असो वा एसएसडी) आणि प्रोसेसर (सगळी कामं करणारी मुख्य चिप) या तिघांपैकी नेमकं कोण अडवतंय हे कळलं तर निर्णय सोपा आहे. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते. म्हणून इथे सगळे पर्याय शेजारी-शेजारी ठेवतोय, आणि कुठला पर्याय कुणासाठी हे ओळखायच्या खुणाही सांगतोय.

आधी दहा मिनिटं नुसतं बघा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातलं परफॉर्मन्सचं पान उघडं ठेवा आणि रोजचं काम सुरू करा. लॅपटॉप अडकला की त्याच क्षणी तिथे नजर टाका. निवांत पडलेल्या लॅपटॉपचे आकडे बघून काही कळत नाही, अडकतो तेव्हाचेच आकडे खरे. मॅकवर हेच काम ॲक्टिव्हिटी मॉनिटर करतो. तिथला मेमरी प्रेशरचा आलेख हिरवा आहे तोवर रॅमला दोष देऊ नका. लिनक्सवर 'फ्री' कमांड चालवून 'अव्हेलेबल' हा रकाना बघावा, 'फ्री' हा रकाना नव्हे. रिकामी रॅम सिस्टिम मुद्दाम कॅशसाठी, म्हणजे डिस्कवरून वाचलेली माहिती हाताशी ठेवायला वापरते आणि लागेल तेव्हा सोडते.

टास्क मॅनेजरमध्येच सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या पानावर 'अप टाइम', म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते लिहिलेलं असतं. रोज रात्री लॅपटॉप बंद करणाऱ्यांनाही तिथे वीस-पंचवीस दिवस दिसतात. कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. 'रीस्टार्ट' केल्यावरच सगळं खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतं. तेव्हा एकदा रीस्टार्ट करा, मग पुढचं वाचा.

रॅम की एसएसडी? इथेच बहुतेकांची फसगत होते

या दोन दुखण्यांची लक्षणं सारखी दिसतात. रॅम भरली की विंडोज मेमरीतला काही भाग डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये हलवतं आणि लागेल तसा परत आणतं. त्यामुळे रॅम कमी पडली तरी टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच १००% दिसते. बघणारा म्हणतो डिस्क खराब झाली. उलटंही होतं. जुनी हार्ड डिस्क मुळातच संथ असते, रॅम अर्धी रिकामी असते, आणि माणूस रॅम विकत आणतो.

फरक ओळखायचा तर मेमरीच्या पानावर 'कमिटेड' (प्रोग्रॅमनी मागितलेली मेमरी/उपलब्ध मर्यादा) नावाचा जोड-आकडा बघा, उदाहरणार्थ ११.४/१४.२ जीबी. लॅपटॉपमध्ये रॅम ८ जीबी आहे आणि पहिला आकडा ११ किंवा १२ पर्यंत जातोय, तर तुमची कामं असलेल्यापेक्षा जास्त मेमरी मागतायत. पक्कं करायचं असेल तर विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी भागात 'हार्ड फॉल्ट्स', म्हणजे रॅममध्ये न सापडलेला भाग डिस्कवरून आणावा लागल्याच्या वेळा बघा. एखादा प्रोग्रॅम उघडताना तो आलेख उसळला तर चिंता नाही. पण दोन टॅबमध्ये नुसतं इकडून तिकडे जाताना शेकड्यांनी फॉल्ट्स येत राहिले, तर रॅमच अपुरी आहे. याउलट मेमरी ५०-६०% वर आहे, कमिटेडचा आकडा मर्यादेत आहे, आणि तरी डिस्क १००% वर चिकटलेली आहे, तर दोष डिस्कचा.

आता दोघांना समोरासमोर ठेवू. लॅपटॉपमधल्या नेहमीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद, आणि हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी. त्यात हेड सरकण्याचा वेळ मिळवला की विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना सेकंदाला शंभरेक वाचनांच्या पलीकडे ती जात नाही. विंडोज सुरू होताना मात्र अशा हजारो छोट्या फाइली लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, तिथे एक वाचन मिलिसेकंदाच्या एखाद्या दशांशात होतं. म्हणून हार्ड डिस्कवर चालणाऱ्या लॅपटॉपला माझं उत्तर ठरलेलं आहे: पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी. मशीन सुरू होणं, प्रोग्रॅम उघडणं, अपडेटनंतरचा तो तासभराचा जाच, सगळ्यांत फरक पडतो. एवढंच नाही, रॅम थोडी कमी पडत असेल तरी पेज फाइल आता वेगवान डिस्कवर असल्याने ती कमतरता बरीच सुसह्य होते. रॅम वाढवल्याने हार्ड डिस्कचा संथपणा असा झाकला जात नाही.

अपवाद ४ जीबी रॅमचा. विंडोज ११ ची किमान अटच ४ जीबी आहे, म्हणजे ब्राउझर उघडायच्या आधीच जागा संपत आलेली असते. तिथे एसएसडी आणि रॅम दोन्ही हवं. एकच केलं तर अर्धं समाधान मिळेल. ४ चे ८ केले की फरक लगेच जाणवतो. ८ चे १६ करण्याचा उपयोग त्यांना, जे वीस-तीस टॅब, मोठी एक्सेल शीट आणि व्हिडिओ कॉल एकाच वेळी उघडे ठेवतात. १६ चे ३२ मात्र व्हिडिओ एडिटिंग, व्हर्च्युअल मशीन अशा कामांसाठीच. ब्राउझर त्याने वेगवान होत नाही, कोणी कितीही सांगो.

विकत घेण्याआधीची खात्री

रॅमचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे ती वाढवता येते की नाही. पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते, आणि ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये तर प्रश्नच मिटला. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असतं, पण त्यावर विसंबू नका. सोल्डर केलेली रॅमही काही मशीनवर तिथे स्लॉट म्हणून मोजली जाते. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा किंवा मागचं झाकण उघडून डोळ्यांनी पाहा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. शिवाय काही जुने डीडीआर३ लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टची कमी दाबाची पट्टी घेतात. एका पट्टीऐवजी सारख्या दोन बसवल्या तर ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण होण्याचा फायदा मिळतो, आणि ग्राफिक्सची चिप प्रोसेसरच्या पोटातच असेल तर तो फायदा ठळक दिसतो, कारण तो ग्राफिक्स हीच रॅम वापरतो.

एसएसडी लॅपटॉपशी दोन पद्धतींनी जोडली जाते: जुनी साटा आणि नवी एनव्हीएमई. कुठली घ्यावी? साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, पीसीआयई ३ या जोडणीवरची एनव्हीएमई ३५०० एमबीपर्यंत जाते. आकडे मोठे आहेत, पण कागदपत्रं आणि ब्राउझरच्या कामात हार्ड डिस्ककडून साटाकडे येताना जी उडी जाणवते तशी साटाकडून एनव्हीएमईकडे जाताना जाणवत नाही. स्लॉट कुठली घेतो तेच महत्त्वाचं. एम.२ या छोट्या पट्टीच्या आकारात येणाऱ्या दोन्ही प्रकारच्या एसएसडी सारख्याच दिसतात आणि चुकीची घेतली तर लॅपटॉप ती ओळखतच नाही. एसएसडी आधीपासून असेल आणि तरी संथ असेल तर ती काठोकाठ भरलीय का बघा. दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवलेली बरी.

आणि टास्क मॅनेजरच्या डिस्कच्या पानावर हार्ड डिस्कचा 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' शेकडो किंवा हजारो मिलिसेकंद दाखवत असेल, वेग मात्र सेकंदाला एखाद-दोन एमबी, तर ती डिस्क जाण्याच्या मार्गावर असू शकते. त्या दिवशी दुसरं काही करू नका. फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेर काढा.

प्रोसेसरचा आरोप बऱ्याचदा खोटा असतो

माझ्या लॅपटॉपमध्ये आय५-८२५०यू आहे. चार कोर, आठ थ्रेड, मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि गरजेला ३.४ पर्यंत. एक दिवस तो असा काही मंदावला की टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटायचं. मी ८ जीबीची आणखी एक पट्टी आणून बसवली. काडीचाही फरक नाही. शेवटी टास्क मॅनेजरमध्ये वापराच्या टक्क्यांवरची नजर काढून त्याच्या शेजारचा 'स्पीड' पाहिला: ०.७८ गिगाहर्ट्झ. काहीही करा, तिथून हलायचा नाही. चार्जरची पिन काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा २.९ वर गेला. मूळ चार्जर बिघडल्यावर मी आणलेला बदली चार्जर लॅपटॉपला ओळखता येत नव्हता, आणि वीज पुरेशी मिळेल याची खात्री नसल्याने त्याने प्रोसेसरलाच वेसण घातली होती. योग्य चार्जर आणला, दुखणं संपलं.

तेव्हापासून कोणीही संथ लॅपटॉप दाखवला की मी आधी स्पीडच बघतो. वापर १००% आणि वेग मूळ वेगाच्या खूप खाली, ही जोडी दिसली तर प्रोसेसर दुबळा नाही, त्याला कोणीतरी दाबून धरलंय. चार्जर हे एक कारण. दुसरं आणि जास्त आढळणारं कारण उष्णता. बरेच इंटेल प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. सुरुवातीची पंधरा मिनिटं छान आणि मग पंखा घोंघावत सगळं रेंगाळतं, अशी तक्रार असेल तर जाळीत धूळ भरलेली असते किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असते. पलंगावर, उशीवर ठेवून काम करत असाल तर खालची हवा येण्याची वाटच बंद होते. साफसफाई आणि नवी पेस्ट हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी करतात याचं मला वाईट वाटतं.

वेग व्यवस्थित आहे आणि तरी वापर १००% वर, तर प्रोसेसेसच्या पानावर कोण खातंय ते बघा. अँटिव्हायरसचं स्कॅन, विंडोज अपडेट, सर्चचं इंडेक्सिंग ही तात्पुरती असतात, तासाभराने थांबतात. दोन अँटिव्हायरस एकत्र बसवले असतील तर एक काढा. स्टार्टअपच्या यादीतले न लागणारे प्रोग्रॅम बंद करा. रॅम मोकळी करून देतो म्हणणारे क्लीनर मात्र टाकू नका. ते कॅश रिकामा करतात आणि लॅपटॉपला तीच माहिती डिस्कवरून पुन्हा वाचावी लागते.

मग नवीन कधी घ्यावा?

प्रोसेसरचा वेग पूर्ण आहे, मशीन थंड आहे, अनावश्यक काही चालू नाही, आणि तुमच्या रोजच्या कामानेच तो १००% वर जातोय, तेव्हा. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डला सोल्डर केलेला असतो, बदलता येत नाही. दोन कोरचा सेलेरॉन, सोल्डर केलेली ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी डिस्क (स्वस्त लॅपटॉपमधली बोर्डवरचीच संथ साठवण) असं त्रिकूट असेल तर त्यावर खर्च करू नका. हलकं लिनक्स टाकून लिहिण्या-वाचण्यापुरता ठेवता येईल.

मधल्या मशीनचा निर्णय अवघड असतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २०१६ चा आय५-७२००यू विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि जेमतेम वर्षभराने आलेला आय५-८२५०यू आहे. नाव दोघांचंही आय५, पण पहिल्यात दोन कोर आणि दुसऱ्यात चार. दुसऱ्यावर मी एसएसडी आणि रॅमचा खर्च बेधडक करेन. पहिल्यावर फक्त एसएसडी, तीही पुढे केसिंगमध्ये घालून बाहेरून वापरता येते म्हणून, आणि सोबत लिनक्स वापरायची तयारी असेल तर.

नवीन घेणारच असाल तर रॅम वाढवता येते का हे पहिलं विचारा. येत नसेल तर १६ जीबीच्या खाली घेऊ नका. एसएसडी नंतर बदलता येते, सोल्डर केलेली रॅम नाही.