घरी ठेवलेले एईडी : आमवाताच्या रुग्णांना ते कितपत उपयोगी?

हृदय अचानक बंद पडले, तर छातीवर दोन पॅड चिकटवून विजेचा झटका देणारे एईडी हे छोटे यंत्र सार्वजनिक ठिकाणी आता ओळखीचे झाले आहे. ते घरी घेऊन ठेवावे का, याचे उत्तर मात्र त्या घरात कोण राहते यावर अवलंबून असते. आम्ही ते घेतले माझ्या पत्नीसाठी आणि तिच्या थोरल्या बहिणीसाठी, म्हणजे ताईंसाठी. दोघींनाही आमवात, अर्थात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आहे आणि दिवसाचा बराच वेळ घरात त्या दोघीच असतात. एकीवर वेळ आली, तर यंत्र दुसरीलाच चालवावे लागणार, म्हणून हे परीक्षण मुख्यतः दुखऱ्या आणि वाकलेल्या बोटांच्या बाजूने लिहिले आहे.

सांध्यांच्या आजारासाठी हृदयाचे यंत्र कशाला, असे अनेकांनी विचारले. आमवात, ल्यूपस, सोरायसिस यांसारख्या आजारांत वर्षानुवर्षे धुमसत राहणारा दाह सांध्यांपुरता किंवा त्वचेपुरता मर्यादित राहत नाही. त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील चरबीचे थर लवकर वाढतात आणि ते फुटण्याचा धोकाही वाढतो. आमवाताच्या रुग्णाचा हृदयविकाराचा धोका मोजताना नेहमीच्या तक्त्यातून आलेल्या आकड्याला दीडने गुणावे, अशी युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेची शिफारस आहे. त्याहून अस्वस्थ करणारी माहिती मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००५ साली मांडली : आमवाताच्या रुग्णांमध्ये छातीत दुखण्याची तक्रार इतरांपेक्षा कमी आढळली, लक्षातच न आलेले हार्ट अटॅक जास्त आढळले आणि अचानक हृदयमृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. पूर्वसूचना मिळेल या भरवशावर या रुग्णांनी राहू नये, हे त्यावरून मला पटले.

यंत्राच्या मूळ कामाबद्दल तक्रारीला जागा नाही. झाकण उघडताच ते बोलू लागते, पॅड कुठे लावायचे ते चित्रासह सांगते (एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर) आणि मग हृदयाची लय स्वतः तपासते. खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत असतील, किंवा अतिवेगाने धडधडत असतील, तरच ते झटक्याची परवानगी देते. एरवी बटण दाबले तरी झटका बसत नाही. ताईंच्या मनात सर्वांत मोठी भीती हीच होती की, नुसत्या चक्कर आलेल्या बहिणीला आपण चुकून झटका देऊ. सरावाचे पॅड लावून यंत्राने ‘झटक्याची गरज नाही’ असे म्हटलेले त्यांनी ऐकले, तेव्हा ती भीती बरीचशी गेली. सूचना घरातल्या सर्वांना समजणाऱ्या भाषेत आणि पुरेशा मोठ्या आवाजात आहेत ना, हे मात्र खरेदीआधी स्वतः ऐकून पाहावे. आमच्या यंत्राचा आवाज स्पष्ट आहे. दोन सूचनांमधला वेळ मात्र घाबरलेल्या माणसासाठी थोडा कमी वाटतो.

खरी अडचण पॅडच्या पाकिटाशी आली. हे पाकीट हवाबंद असते, कारण पॅडवरील ओलसर जेल वाळले तर ते निकामी होतात. पाकिटाच्या कोपऱ्यावर फाडण्यासाठी एक बारीक खाच असते. सकाळी बोटे आखडलेली असताना पत्नीने ती चिमटीत धरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अंगठ्याची आणि तर्जनीची टोके एकमेकांवर टेकेनात आणि पाकीट दर वेळी सटकत राहिले. ताईंनी ते तळहात आणि छाती यांच्यामध्ये दाबून धरले आणि दुसऱ्या हाताच्या पूर्ण मुठीने ओढून फाडले. जमले, पण वेळ गेला. हृदय बंद पडल्यावर कोणतीही मदत न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते, म्हणून पाकिटाची ही खाच मला किरकोळ वाटत नाही. काही यंत्रांत एक मोठी दांडी ओढली की पाकीट आपोआप फाटते. सांध्यांचा आजार असलेल्या घराने तशाच रचनेचे यंत्र घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही आता मोठ्या कड्यांची कात्री यंत्राच्या पिशवीत ठेवली आहे. तिचा उपयोग कपडे कापायलाही होतो.

झटक्याइतकाच छातीदाब महत्त्वाचा आहे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो आणि यंत्र त्या गतीने टिकटिक करून ताल देते, ही अतिशय उपयुक्त सोय आहे. बोटे एकमेकांत गुंफणे दोघींना अशक्य होते. तेव्हा प्रशिक्षकांनी एका हाताची टाच छातीवर ठेवून दुसऱ्या हाताने त्याच हाताचे मनगट पकडायला शिकवले. मनगट दुखते, पण दाब पुरेसा बसतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने हाडे ठिसूळ झालेली असतील तर बरगडी मोडू शकते, याचीही त्यांनी आधीच कल्पना दिली आणि तसा आवाज आला तरी थांबू नका, असे बजावले. आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, त्यामुळे मान हिसक्याने मागे वळवू नये. श्वास देण्याचा सराव नसेल तर केवळ छातीदाब चालू ठेवावा. सोरायसिसच्या रुग्णाच्या छातीवर मलम लावलेले असेल तर ते टॉवेलने पुसून पॅड शक्यतो खपली नसलेल्या त्वचेवर लावावा, कारण तेलकट त्वचेवर पॅड नीट चिकटत नाही.

प्रशिक्षणात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट यंत्राच्या माहितीपत्रकात जवळपास नव्हतीच. हृदय बंद पडलेला माणूस पहिली काही मिनिटे अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतो आणि पाहणाऱ्याला वाटते, श्वास चालू आहे. माणूस हाकेला ओ देत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसले की आधी तातडीच्या सेवेला फोन करून स्पीकर चालू ठेवायचा, छातीदाब सुरू करायचा आणि यंत्र मागवायचे. हे माहीत नसेल, तर उत्तम यंत्रही कपाटातच राहील.

आता मर्यादा. घरगुती एईडीची सर्वांत मोठी चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. आधी हृदयाच्या पुढच्या भागाचा अटॅक येऊन गेलेले ७,००१ रुग्ण तिच्यात होते. निम्म्यांच्या घरी यंत्र दिले आणि उरलेल्यांच्या घरच्यांना फोन करणे आणि छातीदाब देणे शिकवले. दोन्ही गटांतील एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. यंत्र ३२ रुग्णांवर वापरले गेले, १४ जणांना योग्य झटका मिळाला आणि चौघे रुग्णालयातून जिवंत घरी गेले. त्या चौघांच्या घरांसाठी यंत्राचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. पण बऱ्याच वेळा हृदय बंद पडले तेव्हा जवळ पाहणारे कोणी नव्हते, हेही त्याच चाचणीतून दिसले. ही चाचणी आमवाताच्या रुग्णांवर झालेली नव्हती. तरीही जवळ दुसरा माणूस नसेल तर यंत्र काही करू शकत नाही, हे त्यांनाही तितकेच लागू आहे.

म्हणूनच यंत्राआधी जे करायला हवे, त्याबद्दल विक्रेत्यांनी बोलावे असे मला वाटते. इंटरल्यूकिन-६ हा दाह वाढवणारा घटक हृदयपेशींमधील पोटॅशियमच्या वाहिन्यांच्या कामात अडथळा आणतो. त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो आणि ईसीजीवरील क्यूटी हे अंतर लांबते. ते फार लांबले की घातक लयीचा धोका वाढतो. आमवातावर नेहमी दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही हे अंतर लांबवू शकते आणि त्यात अझिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक किंवा ओकारीवरील ऑन्डान्सेट्रॉन यांची भर पडली, तर धोका आणखी वाढतो. एक औषध एका डॉक्टरांचे आणि दुसरे दुसऱ्यांचे असते, त्यामुळे पूर्ण यादी एकाच्या नजरेखालून जातेच असे नाही. आमच्या संधिवाततज्ज्ञांनी दोघींचे ईसीजी काढून क्यूटी मोजले, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासले आणि पत्नीचे एक जादा औषध बदलले. स्वतःच्या मनाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद करणे मात्र चुकीचे ठरेल, कारण अनियंत्रित दाह हृदयाला अधिक घातक असतो.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल मी समाधानी नाही. यंत्र स्वतःची तपासणी रोज करते आणि सारे ठीक असल्याचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो, हे उत्तम आहे. पण पॅडची मुदत साधारण दोन वर्षांची असते आणि आम्हाला मिळालेल्या बदली पॅडची बरीच मुदत गोदामातच सरली होती. विक्रेत्याने ते बदलून दिले, मात्र वारंवार पाठपुरावा केल्यानंतरच. पाकिटावरची तारीख ताब्यात घेतानाच वाचावी आणि बॅटरीची मुदतही कुठेतरी लिहून ठेवावी.

दोन माणसे कायम एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत असतील, दोघांनीही सराव केलेला असेल आणि दाह नियंत्रणात ठेवण्याचे उपचार आधीच नीट चालू असतील, तर हे यंत्र मी निःसंकोच सुचवेन. आमच्या घरी ते बैठकीच्या खोलीत कंबरेच्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवले आहे. उंच कपाटापर्यंत ताईंचा खांदा वर जात नाही. एकट्या राहणाऱ्या आणि ल्यूपस असलेल्या एका परिचित बाईंनी मात्र सल्ला विचारला, तेव्हा यंत्र न घेता आधी ईसीजी आणि औषधांची पूर्ण यादी घेऊन त्यांच्या डॉक्टरांना भेटा, असे मी त्यांना सांगितले.